रॉनी लेन : स्वतःच्या व्याधीतून संशोधननिधीची चळवळ उभारणारा रॉक संगीतकार

नवी दिल्ली, ४ जून : ब्रिटिश रॉक संगीतातील नामवंत गीतकार आणि बेस गिटारवादक रॉनी लेन यांचा आज स्मृतिदिन. ‘स्मॉल फेसेस’ आणि ‘फेसेस’ या दोन गाजलेल्या बँडच्या उभारणीत त्यांचा मोलाचा वाटा होता. मात्र वैद्यकीय संशोधनासाठी रॉक कलावंतांना एका मंचावर आणणारा संगीतकार म्हणूनही त्यांचे स्मरण केले जाते.

लेन यांचा जन्म १ एप्रिल १९४६ रोजी पूर्व लंडनमधील प्लेस्टो येथे एका कामगार कुटुंबात झाला. त्यांचे वडील मालमोटार चालवत. आई मल्टिपल स्क्लेरोसिसने ग्रस्त होती. १९६५ मध्ये स्टीव्ह मॅरियट यांच्यासह त्यांनी ‘स्मॉल फेसेस’ची स्थापना केली. मॅरियट बाहेर पडल्यावर रॉड स्टुअर्ट आणि रॉनी वुड यांच्या साथीने ‘फेसेस’ आकाराला आला. लोकप्रियता शिखरावर असताना, १९७३ मध्ये लेन यांनी तो बँड सोडला आणि ते वेल्सच्या सीमेलगत शेतावर राहू लागले.

महाराष्ट्राशीही त्यांचा एक धागा जुळलेला होता. पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांचे ते अनुयायी होते. याच श्रद्धेतून ‘द हू’चे पीट टाउनशेंड यांच्याशी त्यांचा स्नेह दृढ झाला. १९७७ मध्ये दोघांचा ‘रफ मिक्स’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास लेन यांना आईचाच आजार जडल्याचे निष्पन्न झाले.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मज्जातंतूंच्या आवरणावरच आघात करते. हळूहळू हालचालींवरील ताबा सुटत जातो. गिटार वाजवणे अवघड झाले, तरी लेन स्वस्थ बसले नाहीत. या आजारावरील संशोधनासाठी झटणाऱ्या ‘आर्म्स’ या ब्रिटिश संस्थेच्या मदतीसाठी २० सप्टेंबर १९८३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफल झाली. एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तीन दिग्गज गिटारवादक त्या मंचावर एकत्र आले. अखेरीस लेन यांनी स्वतः गायन केले. त्यानंतर अमेरिकेत डॅलसपासून न्यूयॉर्कपर्यंत अशा ९ मैफली झाल्या.

पुढील वाटचाल मात्र निराशाजनक ठरली. अमेरिकेतील निधीतून टेक्सासमध्ये उभारलेल्या संस्थेच्या आर्थिक व्यवहारांवर गंभीर आक्षेप घेतले गेले आणि प्रकरण न्यायालयात पोहोचले. त्या काळात रुग्णांना मोठी आशा वाटत असलेली उच्च दाबाच्या ऑक्सिजनची उपचारपद्धतीही नंतरच्या चाचण्यांत फारशी उपयुक्त आढळली नाही. कलावंतांच्या सद्भावनेला चोख हिशेब आणि शास्त्रीय कसोटी यांची जोड किती आवश्यक असते, हे यातून अधोरेखित झाले.

लेन १९८४ मध्ये टेक्सासला स्थायिक झाले. तेथे त्यांनी जमेल तितके दिवस गायन सुरू ठेवले. ४ जून १९९७ रोजी कोलोरॅडोतील ट्रिनिडाड येथे वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१२ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये दोन्ही बँडच्या सदस्यांसह त्यांचा मरणोत्तर समावेश झाला. या आजाराचे नाव त्यांच्यामुळे हजारो संगीतरसिकांपर्यंत पोहोचले.