पुठ्ठ्याआड गेलेला चित्रकार

तालुक्याच्या गावातील जुन्या ग्रंथालयात कादंबऱ्यांच्या कपाटासमोर उभे राहिले, की एकसारख्या तपकिरी पुठ्ठ्यांची रांग दृष्टीस पडते. पुस्तक टिकावे म्हणून त्याची पक्की बांधणी झाली. त्या बांधणीत मुखपृष्ठ मात्र काढून टाकले गेले. अर्जुनी मोरगावसारख्या ठिकाणी, जेथून चित्रप्रदर्शन पाहावयाचे तर नागपूर गाठावे लागते, तेथे ही हानी क्षुल्लक म्हणता येणार नाही. टाकून दिलेल्या त्या कागदांत दीनानाथ दलालांची चित्रे होती.

दलालांचा जन्म ३० मे १९१६ रोजी गोव्यात झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस आले आणि १९३७ साली जी. डी. आर्ट ही पदविका त्यांनी संपादन केली. निसर्गचित्रांवर त्यांचा हात उत्तम बसला होता. केवळ प्रदर्शनांसाठी रंगवीत राहणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु त्यांनी पुस्तके व नियतकालिके हे आपले क्षेत्र मानले. मुखपृष्ठे, कथाचित्रे, दिनदर्शिका, व्यंगचित्रे अशी चौफेर कामे त्यांनी केली. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’ या ग्रंथातील त्यांच्या चित्रांनी शिवकाल असंख्य वाचकांच्या डोळ्यांपुढे उभा केला.

१९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला. महायुद्ध नुकतेच संपले होते, कागदाची टंचाई ओसरली नव्हती आणि संपादक-चित्रकार अवघा एकोणतीस वर्षांचा होता. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हे साहसच वाटते. त्या काळी रंगीत चित्र छापावयाचे म्हणजे प्रत्येक रंगाचा निराळा ठोकळा करावा लागे आणि तो आधीच्या ठशावर नेमका बसवावा लागे. केसभर चूक झाली तरी चेहरा विस्कटे. हा खर्च व ही दगदग पत्करून दलालांनी मुद्रणाची पातळी उंचावली. ठोकळ्याच्या मर्यादा ओळखूनच ते रेषा व रंग योजीत. मोजक्या, लयदार रेषांनी आकृती बांधावी आणि सपाट रंगाच्या पट्ट्यांनी वातावरण निर्माण करावे, ही त्यांची हातोटी होती.

अशा कलावंताला ‘व्यावसायिक’ म्हणून बाजूस सारण्याची प्रवृत्ती आपल्याकडे आहे. हा न्याय उफराटा आहे. तैलचित्र एका धनिकाच्या भिंतीवर जाते. छापलेले चित्र शिक्षकाच्या, कारकुनाच्या घरी पोचते. कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या हजारो कुटुंबांना रंगांची जाण आली ती दिवाळी अंकांमुळे आणि वाचनालयातून घरी आणलेल्या पुस्तकांमुळे. या कार्यात रघुवीर मुळगावकरांसारखे समकालीनही होते. पण चित्रकार, संपादक व प्रकाशक ही तिन्ही ओझी पंचवीस वर्षे वाहून दलालांनी त्यास वेगळीच उंची दिली. १५ जानेवारी १९७१ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे स्मारक उभारण्यास मोठ्या निधीची गरज नाही. पुस्तक बांधणीस देताना मुखपृष्ठ जपून काढावे व ते नव्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवावे, एवढा दंडक ग्रंथालयांनी पाळला तरी पुरे. त्यास लागते ती थोडी खळ आणि थोडी आस्था. खळ स्वस्त आहे. आस्था मात्र आपली आपणच पुरवावयाची आहे.