पुराणवास्तू फक्त श्रीमंतांनीच का पाहायच्या? पॅकेज टूरचा पाया घालणाऱ्या थॉमस कुक यांची गोष्ट

नाश्ता-जेवण, हॉटेल, गाईड, सोबत टूर मॅनेजर, सगळं एकाच रकमेत. सहलींच्या अशा जाहिराती आपण रोज पाहतो. ताजमहाल असो की इजिप्तचे पिरॅमिड, पैसे भरले की बाकीची चिंता टूरवाल्यांची.

पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी असं काही नव्हतं. इंग्लंडमधल्या बड्या घरांतली मुलं नोकर आणि शिक्षक सोबत घेऊन महिनोन्‌महिने रोम, नेपल्स हिंडायची. गिरणीतल्या कामगाराच्या किंवा शाळेतल्या मास्तरांच्या नशिबी ते नव्हतं. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा होता, दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या एका सुताराचा.

दारू सोडवण्यासाठी काढलेली सहल

थॉमस कुक यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी डर्बीशायरमधल्या मेलबर्न गावात झाला. वडील लवकर गेले. थॉमस आधी एका बागायतदाराकडे राबले, मग एका नातेवाइकाकडे सुतारकाम शिकले. तरुणपणी बाप्टिस्ट पंथाचे प्रचारक म्हणून त्यांनी गावोगाव शेकडो मैल पायपीट केली. याच काळात ते दारूविरोधी चळवळीत ओढले गेले.

१८४१ च्या जून महिन्यात एका सभेसाठी ते चालत लेस्टरला निघाले होते. तेव्हा रेल्वे नवीनच होती. सभेला लोकांना रेल्वेनं नेलं तर, असा विचार त्यांच्या डोक्यात आला. त्यांनी रेल्वे कंपनीशी बोलणी केली आणि ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० लोक लेस्टरहून लाफबरोला गेले. अंतर जेमतेम १८ किलोमीटर आणि तिकीट एक शिलिंग. अशा खास गाड्या त्याआधीही सुटल्या होत्या. पण सामान्यांना परवडणारी सहल हेच कुक यांचं पुढं आयुष्यभराचं काम झालं. हातात पैसा आणि सुट्टी असलेल्या माणसाला दारूच्या गुत्त्यापेक्षा चांगली जागा दाखवायची, हा त्यामागचा साधा हिशोब होता.

राजवाड्याचं दार उघडलं

१८४५ मध्ये त्यांनी नफ्यासाठी पहिली सहल काढली, ती लिव्हरपूलला. आधी स्वतः जाऊन मार्ग पाहिला आणि प्रवाशांसाठी माहितीपुस्तिका छापली. पुढच्याच वर्षी सुमारे ३५० जण स्कॉटलंडला निघाले. ती सहल मात्र फसली. वाटेत खाण्यापिण्याची सोय झाली नाही. आगबोटीवर जागा कमी पडली आणि काहींना पावसात डेकवर रात्र काढावी लागली. या फजितीतून ते शिकले. पुढे हॉटेलची आगाऊ भरलेली कुपनं आणि परदेशात वटवता येणाऱ्या नोटा त्यांनी सुरू केल्या.

१८४८ मध्ये ते लोकांना सरदार घराण्यांचे वाडे दाखवायला नेऊ लागले. बेलव्हर किल्ल्यात काही टोळक्यांनी आधी गोंधळ घातला होता. म्हणून कुक यांनी पुस्तिकेत प्रवाशांना बजावलं की नीट वागला नाहीत, तर ही दारं सगळ्यांसाठी बंद होतील.

१८५१ च्या लंडनमधल्या भव्य प्रदर्शनाला त्यांनी दीड लाखांहून अधिक लोकांना नेलं. १८५५ मध्ये युरोपखंड, १८६३ मध्ये स्वित्झर्लंड आणि १८६४ मध्ये इटली. रोमचे भग्नावशेष आता शिक्षक, कारकून, छोटे व्यापारी पाहू लागले. एकट्यानं प्रवास करणं ज्यांना समाज अवघड करून ठेवत होता, अशा स्त्रियाही मोठ्या संख्येनं या सहलींत असत.

बड्या लोकांचा संताप

हे अनेकांना रुचलं नाही. इटलीत राहणारे लेखक चार्ल्स लिव्हर यांनी कुक यांच्या प्रवाशांची टर उडवली. ऑस्ट्रेलियानं नाकारलेले कैदी कुक इटलीत आणून सोडतात, अशी अफवा त्यांनी गमतीनं पसरवली. १८६९ मध्ये कुक यांनी दोन आगबोटी घेऊन नाईल नदीची पहिली सहल काढली. तेव्हा इंग्लंडचे युवराजही इजिप्तमध्येच होते. त्यांच्यासोबतच्या मंडळींना ही गर्दी खटकली. कुक यांचं म्हणणं असं की ही स्थळं कुणा एका वर्गाच्या मालकीची नाहीत.

गर्दीचा त्रास मात्र खोटा नव्हता. ठरलेल्या वेळात ठरलेली देवळं उरकण्याची पद्धत याच सहलींतून रुजली. पुढे इजिप्तवर ब्रिटिशांचा ताबा आला, तेव्हा नाईलवरच्या कुक कंपनीच्या आगबोटी साम्राज्याच्याही कामी आल्या.

शेवट

१८७२-७३ मध्ये कुक यांनी २२२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. त्या वाटेत भारतही होता. १८८१ मध्ये कंपनीचं कार्यालय मुंबईत आलं. तोवर मुलगा जॉन यानं कारभार हाती घेतला होता. वडिलांना हे समाजकार्य वाटे, तर मुलाला चोख धंदा. या वादातून थॉमस बाजूला झाले. आधी मुलगी गेली, मग पत्नी. जगाला जग दाखवणाऱ्या या माणसाची दृष्टीही शेवटी गेली. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टरमध्ये त्यांचं निधन झालं.

सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांच्या नावाची ब्रिटिश कंपनी बुडाली, तेव्हा तिचे दीड लाखांवर प्रवासी परदेशात अडकले होते. त्याच नावाची भारतीय कंपनी वेगळ्या मालकीची असल्यानं चालू राहिली.

कुक यांनी १८४८ मध्ये दिलेली ताकीद आजही जुनी झालेली नाही. आपल्या गडांवर आणि लेण्यांत अजूनही भिंतींवर नावं कोरू नका, अशा पाट्या लावाव्या लागतात.