बिबट्यांचा विश्वास कमावणारा पुणेकर : दामू धोत्रे

कुत्र्याला शिस्त लावण्यासाठी त्याच्या गळ्यात विजेचा धक्का देणारा पट्टा बांधावा काय, या प्रश्नावर श्वानप्रेमींमध्ये तट पडलेले आहेत. मालकाने हातातील कळ दाबताच पट्ट्यातून धक्का बसतो आणि हट्टी कुत्राही वठणीवर येतो, असे एका पक्षाचे म्हणणे. धाकाने शिकलेला प्राणी भित्रा तरी होतो किंवा उलटून चावतो, असे दुसऱ्या पक्षाचे. या वादाच्या संदर्भात सर्कशीच्या रिंगणात जगभर नाव कमावलेल्या एका पुणेकराचे स्मरण उचित ठरेल. त्यांचे नाव दामू धोत्रे.

धोत्रे यांचा जन्म १९०२ मध्ये पुण्यात झाला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि त्यानंतर महाराष्ट्रात सर्कशींचे पेवच फुटले. दामूचे मामा तुकाराम गणपत शेलार यांचीही सर्कस होती. लहान वयातच दामू तिच्यात दाखल झाला. आधी कसरती, मग हिंस्र पशू, असा त्याचा प्रवास झाला. घरची परिस्थिती बेताची आणि शालेय शिक्षण तुटपुंजे. तंबू हीच त्याची शाळा ठरली.

त्या काळी पशूंना वश करण्याच्या दोन रीती प्रचलित होत्या. चाबूक, काठी, प्रसंगी तापलेली सळई दाखवून जनावराला कामाला लावणे ही जुनी रीत. दुसरी रीत हँबर्गच्या कार्ल हागेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. जनावराचा स्वभाव ओळखायचा, त्याला आवाजाची सवय लावायची, जमलेल्या कामाबद्दल मांसाचा तुकडा द्यायचा आणि ते कंटाळण्यापूर्वी पाठ थांबवायचा, असा तिचा क्रम. फ्रान्सचे विख्यात प्रशिक्षक आल्फ्रेड कूर याच मृदू परंपरेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर धोत्रे युरोपात त्यांच्याकडे दाखल झाले आणि १९४० मध्ये त्यांच्यासमवेत अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत गेले.

तेथे धोत्रे यांची कीर्ती झाली ती मुख्यत्वे बिबट्यांमुळे. सिंह कळपात राहणारा, बिबट्या एकांडा आणि चपळ. त्याच्या मनात काय चालले आहे, याचा अंदाज येणे अवघड. त्याला दुखवून काम करून घेणाऱ्याला एखाद्या दिवशी प्राणाचे मोल द्यावे लागते. उघड्या अंगाने, डोक्याला फेटा बांधून धोत्रे पिंजऱ्यात उतरत आणि बिबट्याला खांद्यावर घेत, तेव्हा त्यामागे महिनोन्‌महिन्यांचा संयम असे. युद्धकाळात त्यांनी अमेरिकी सैन्यातही सेवा केली. त्यांचे इंग्रजी आत्मकथन १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. अखेरीस ते पुण्याला परतले आणि १९७३ मध्ये तेथेच निवर्तले.

मात्र या मायेलाही पिंजऱ्याची चौकट होती, हे विसरून चालणार नाही. सर्कशीतले सर्वच प्रशिक्षक धोत्रे नव्हते. केंद्र सरकारने १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती उचलून धरली. कसे शिकवावे, या प्रश्नाच्या पुढे जाऊन शिकवावेच का, असा प्रश्न समाजाने विचारला.

कुत्र्याची गोष्ट निराळी. तो माणसाच्या सोबतीनेच घडलेला प्राणी. त्याला शिकवणे अनेकदा त्याच्याच हिताचे असते. पुणे-नाशिक महामार्गावरील कळंबसारख्या आंबेगाव तालुक्यातील गावांत उसाच्या फडात बिबट्याचा वावर असतो आणि वस्तीवरची कुत्री त्याचे भक्ष्य होतात. अशा ठिकाणी मालकाच्या हाकेसरशी कुत्रा माघारी फिरला, तर त्याचा जीव वाचतो. धक्क्याच्या पट्ट्याचे समर्थक नेमका असाच युक्तिवाद करतात : क्षणाची वेदना परवडली, मृत्यू नको. पण इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात हाकेला ओ देण्याचे प्रशिक्षणच तपासले गेले, तेव्हा बक्षीस देऊन शिकवण्यापेक्षा पट्टा सरस ठरला नाही. शिवाय धक्का बसतेवेळी समोर एखादे मूल असेल, तर कुत्रा त्या वेदनेचा संबंध मुलाशी जोडण्याचा धोका असतो. वेल्सने असे पट्टे २०१० मध्येच निषिद्ध ठरवले.

कळ दाबायला क्षण पुरतो, विश्वास कमवायला महिने लागतात. पट्ट्याचे खरे आकर्षण या वाचणाऱ्या वेळात आहे. बिबट्यासारख्या जनावराबाबतही धोत्रे यांनी ही घाई केली नाही. पायाशी बसणाऱ्या कुत्र्यासाठी तेवढी सवड काढणे शहरातल्या मालकाला अशक्य नाही.