गॅलिलिओचा पितळी कंपास

गॅलिलिओ म्हटले की दुर्बीण आठवते. पण दुर्बिणीच्या आधी त्याचे घर चालायला एका पितळी कंपासाचा हातभार होता. १५९२ पासून तो पादुआत गणित शिकवत होता. वडील आदल्याच वर्षी वारले होते, बहिणींच्या हुंड्याचे ओझे डोक्यावर होते. १५९७ च्या सुमारास त्याने हे उपकरण तयार केले आणि घरी कारागीर ठेवून ते विकू लागला.

एका टोकाला जोडलेल्या दोन पट्ट्या, दोन्हींवर जोडापासून सारख्या अंतरावर अंक. समजा, लहान आकृतीची बाजू ४०-४० या खुणांमध्ये बसवली. पट्ट्या न हलवता मोठ्या आकृतीची संगत बाजू १००-१०० मध्ये बसली. जोडापाशी कोन तोच, म्हणून दोन्ही त्रिकोण समरूप. बाजूंचे गुणोत्तर १०० भागिले ४०, म्हणजे मोठी आकृती अडीच पट!

१६०६ मध्ये त्याने माहितीपुस्तिकेच्या ६० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी बाल्दासारे काप्राने ते सारे लॅटिनमध्ये स्वतःच्या नावावर खपवले. गॅलिलिओने विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांकडे दाद मागितली आणि तो जिंकला.

१६३३ च्या खटल्यानंतर नजरकैदेत तो पुन्हा प्रमाणाकडे वळला. हाड सर्व बाजूंनी तिप्पट केले, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ९ पट होते, वजन मात्र २७ पट. त्यामुळे राक्षसाची हाडे माणसाच्या हाडांशी समरूप असून चालणार नाही, ती जास्त जाड हवीत. हे पुस्तक १६३८ मध्ये लायडनला छापले गेले, तोवर त्याची दृष्टी गेली होती.