६ आणि १२ जानेवारी : दिनविशेषात न सापडणारे बाबू हरदास एल. एन.



सकाळी मोबाईल उघडला की कोणत्या ना कोणत्या ग्रुपवर त्या दिवसाचा दिनविशेष येऊन पडलेला असतो. जन्म, मृत्यू, महत्त्वाच्या घटना अशी ठरलेली यादी. आमच्या बेसा परिसरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी अनेक मुलेमुली ही यादी रोज वहीत उतरवून घेतात. सवय चांगलीच आहे. मात्र जानेवारी महिन्यातील दोन पाने त्यांनी पुन्हा उघडावीत, एवढीच आमची विनंती आहे.

पहिले पान ६ जानेवारीचे. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, म्हणून महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन असतो. दुसरे पान १२ जानेवारीचे. राजमाता जिजाऊंची जयंती आणि स्वामी विवेकानंदांच्या जयंतीनिमित्त पाळला जाणारा राष्ट्रीय युवक दिन. या दोन्ही पानांवर ज्यांचे नाव असायलाच हवे आणि बहुतेक याद्यांमध्ये जे सापडत नाही, ते म्हणजे आपल्या कामठीचे बाबू हरदास एल. एन. त्यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ चा आणि निधन १२ जानेवारी १९३९ चे. आयुष्य मिळाले अवघे ३५ वर्षे आणि ६ दिवसांचे.

हरदास लक्ष्मणराव नगराळे हे त्यांचे पूर्ण नाव. वडील रेल्वेत कारकून होते, म्हणून महार कुटुंबातील या मुलाला त्या काळातही शाळेची वाट मोकळी झाली. नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. आर्य समाजाच्या स्वामी ब्रह्मानंदांकडे ते संस्कृत शिकले. ज्या भाषेचा एक शब्द कानी पडणेही आपल्या माणसांना निषिद्ध मानले होते, ती भाषा त्यांनी हट्टाने आत्मसात केली. १९२० साली साहूबाईंशी त्यांचा विवाह झाला.

आता पत्रकार दिनाकडे वळू. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्यानंतर साधारण वर्षभराने, १९२१ मध्ये, हरदास यांनी 'महारठ्ठा' नावाचे साप्ताहिक काढले. तेव्हा त्यांचे वय होते १७ वर्षे! आज ज्या वयात आपली मुले अकरावी-बारावीच्या शिकवणीला जातात, त्या वयात हा मुलगा संपादक झाला होता. मागे भांडवल नाही, वाचणाऱ्यांमध्ये साक्षर थोडे, आणि अंक विकत घेऊ शकणारे त्याहून थोडे. तरीही समाजाचे दुःख समाजानेच छापले पाहिजे, ही जाण त्यांना होती. पत्रकार दिनीच जन्मलेल्या या संपादकाला पत्रकार दिनाच्या यादीत जागा मिळू नये, याला काय म्हणावे?

लेखणीबरोबर संघटनही सुरू झाले. १९२२ मध्ये त्यांनी तरुणांचे 'महार समाज पथक' उभारले. महिलांना दैनंदिन व्यवहाराचे शिक्षण मिळावे म्हणून महिला आश्रम काढला. १९२४ च्या सुमारास अंधश्रद्धेवर प्रहार करणारे 'मंडळ महात्म्य' लिहिले. 'वीर बालक' हे नाटक लिहिले. १९२७ मध्ये कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. दिवसभर राबणाऱ्या घरांतील ८६ मुले आणि २२ मुली तिथे शिकत होत्या. त्या २२ मुलींचा आकडा मुद्दाम लक्षात ठेवा. ज्या काळात सवर्ण घरांतही मुलींच्या शाळेवरून वाद व्हायचे, त्या काळात कामठीच्या वस्तीतील या मुली कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवत होत्या. त्याच सुमारास त्यांनी संत चोखामेळा यांच्या नावाने वाचनालयही उघडले.

कामठी-नागपूर पट्ट्यात आपल्या समाजातील असंख्य हात तेव्हा बिडी वळण्यात गुंतलेले होते. दिवसभर मान खाली घालून तेंदूपानांत तंबाखू भरायचा आणि शेवटी कारखानदार देईल ती मजुरी घ्यायची. माल खराब निघाला म्हणून तोडायचा मजुरीतला वाटाही त्याच्याच हातात. हरदास यांनी या बिडी कामगारांची संघटना बांधली. जातीचा प्रश्न आणि पोटाचा प्रश्न त्यांनी कधी वेगळा केला नाही. समाजातल्या पोटजातींच्या भिंतीही त्यांना खुपत होत्या. त्या पाडण्यासाठी चोखामेळा पुण्यतिथीला त्यांनी सर्वांचे सहभोजन ठेवले.

१९२७ मध्येच त्यांनी रामटेकला सभा बोलावली. अध्यक्षस्थानी किसन फागूजी बनसोड होते. जिथे देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नाहीत, तिथे जत्रेला जाऊन तळ्याच्या घाण पाण्यात अंघोळ करण्यात काय पुण्य, असा सवाल त्यांनी या सभेतून समाजापुढे ठेवला. पुढे मार्च १९३० मध्ये नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा विदर्भातून सत्याग्रही पाठवण्यातही ते पुढे होते. दोन्ही गोष्टींत विसंगती वाटू शकते. पण देवाच्या ओढीने देवळाकडे जाणे वेगळे आणि माणूस म्हणून समान हक्क मागायला जाणे वेगळे, हा फरक त्यांना नेमका ठाऊक होता.

गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधी कोण, यावर वाद पेटला. हरदास यांनी ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांना तार करून कळवले की आमचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकरच आहेत. इतरांनाही त्यांनी अशा तारा करायला लावले. मार्च १९३२ मध्ये राजा-मुंजे करार पुढे आला. त्यातले मुंजे नागपूरचेच. या कराराने स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडून दिली होती. त्याला जाहीर उत्तर मिळाले ते मे १९३२ मध्ये, कामठीतल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत. बाबासाहेब स्वतः आले होते. परिषदेने स्वतंत्र मतदारसंघांच्या बाजूने कौल दिला. स्वागत समितीचे अध्यक्ष होते २८ वर्षांचे बाबू हरदास.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. मध्य प्रांत व वऱ्हाडात पक्षाची धुरा सांभाळणाऱ्यांत हरदास अग्रभागी होते. १९३७ च्या निवडणुकीत ते नागपूर-कामठी मतदारसंघातून प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून गेले. पण प्रचाराची दगदग, सततचा प्रवास आणि अपुरे अन्न यांनी शरीर पोखरले होते. त्यांना क्षयाने गाठले. १२ जानेवारी १९३९ रोजी ते गेले. कन्हान नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि पुण्यतिथीला तिथे आजही लोक जमतात. दीक्षाभूमीवरचा १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस पाहायला ते नव्हते, पण त्या दिवशी लाखो तोंडांतून उमटलेले अभिवादन त्यांचेच होते.

होय, 'जयभीम' हे अभिवादन बाबू हरदास यांनी रुजवले. मुस्लिम बांधव एकमेकांना भेटताना सलाम करतात आणि त्याला ठरलेले उत्तर देतात. तसे आपलेही असावे, असे त्यांना वाटले. 'जयभीम' म्हटल्यावर उत्तरादाखल 'बलभीम' म्हणावे, अशी त्यांची मूळ कल्पना होती असे सांगतात. लोकांनी मात्र उत्तरही 'जयभीम'च ठेवले. जोहार घालणारी, वाकून उभी राहणारी माणसे या एका शब्दाने ताठ झाली.

एवढे सगळे वाचल्यावर आपल्या नोट्समधली ती ओळ पाहा : जयभीमचे प्रवर्तक कोण? उत्तर, बाबू हरदास. एका गुणाचा प्रश्न संपला! त्या एका ओळीत संपादक हरवतो, शिक्षक हरवतो, बिडी कामगारांचा पुढारी आणि आमदारही हरवतो. जो शब्द आपण दिवसातून पंचवीस वेळा उच्चारतो, तो देणाऱ्याची जन्मतारीख आपल्याच मुलांना सांगता येत नसेल, तर दोष फक्त याद्या करणाऱ्यांना कसा द्यायचा? बेस्याची तरुण मंडळी सुटीच्या दिवशी शहर ओलांडून कामठीला ड्रॅगन पॅलेस पाहायला जातात. त्याच गावात हा माणूस जन्मला, हे किती जणांना ठाऊक असते?

आपली यादी आपणच पूर्ण करूया. वहीत आणि विहाराच्या फलकावर लिहून ठेवा :

६ जानेवारी १९०४ : 'महारठ्ठा'चे संपादक बाबू हरदास एल. एन. यांचा कामठी येथे जन्म.
मे १९३२ : कामठी येथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद, स्वतंत्र मतदारसंघांना पाठिंबा.
१२ जानेवारी १९३९ : जयभीम प्रवर्तक, कामगार नेते, आमदार बाबू हरदास यांचे निधन.

पुढच्या युवक दिनी कोणी विचारले की तरुणपणी माणूस किती काम करू शकतो, तर हे नाव सांगा आणि ३५ वर्षांचा हिशेबही सांगा.

बाबू हरदास एल. एन. यांना विनम्र अभिवादन! जयभीम!