कॉर्नेलिया सोराबजी : भिंतीपलीकडे पोचणारी बाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत काहीतरी लिही, असा आग्रह झाला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात लेखणी येते ती बहुधा किराण्याची यादी करायला. पण राखीच्या आधी आपण सीमेवरच्या जवानांसाठी डबे भरतो, राख्या आणि पत्रे पाठवितो, त्या कामात मी नेहमी असते. ते काम करता करता एका थोर बाईंची ओळख झाली. त्यांच्याविषयी जे वाचले ते चार शब्दांत सांगावे म्हणून हा प्रयत्न. चूकभूल पदरात घ्यावी.

आधी आपलीच एक फजिती सांगते. मागे एकदा आपण मोठ्या हौसेने अनारसे आणि तुपातले लाडू पाठविले. पावसाचे दिवस, वाटेत बरेच दिवस गेले. पुढे गावातला एक मुलगा पलटणीतून सुट्टीवर आला. तो मोठ्या अदबीने म्हणाला की अनारशांचा भुगा झाला होता, तो आम्ही चमच्याने खाल्ला. लाडवांना मात्र वास लागला होता. पण एका काकूंच्या पत्रात रोवणी आटोपली, बांध्या भरल्या, यंदा धान बरे होईल असे लिहिले होते. ते पत्र बराकीत हातोहात फिरले. ज्यांची शेती नाही त्यांनीसुद्धा वाचले. ते ऐकून मी मनात म्हटले, आपण पाठवितो ते आपल्याला काय आवडते ते पाहून. त्याला काय हवे, त्याच्यापर्यंत काय धड पोचेल, याचा विचार कुठे केला?

हा विचार ज्यांनी जन्मभर केला त्या म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. हिंदुस्थानातील पहिल्या स्त्री-वकील म्हणून त्यांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. पण लढाईत कैद झालेल्या आपल्या शिपायांच्या डब्यांशीही त्यांचा संबंध आला होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

कॉर्नेलियाबाई आपल्या महाराष्ट्रातल्याच. १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकला त्यांचा जन्म झाला. वडील मूळचे पारशी, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई फ्रान्सिनाबाई मोठ्या कर्तृत्वाच्या. त्यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा काढली. भावंडांचे मोठे कुटुंब, बालपण बेळगाव आणि पुणे येथे गेले. घरात मुलींना शिकविण्याविषयी दुमत नव्हते. त्या काळी हे केवढे भाग्य, ते आपल्यासारख्यांनाच कळावे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या. वर्गात सगळे मुलगे, आणि ही एकटी मुलगी. तरी पदवीच्या परीक्षेत त्या पहिल्या वर्गात आल्या. अशा विद्यार्थ्याला विलायतेस जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. पण त्या पडल्या मुलगी, म्हणून ती नाकारली गेली. त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवू लागल्या, तेही मुलग्यांच्या वर्गाला. इकडे इंग्लंडमध्ये काही सहृदय मंडळींना ही हकीकत कळली. त्यांनी वर्गणी जमविली. त्या वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाईटिंगेलबाईही होत्या. ज्यांनी क्रिमियाच्या लढाईत जखमी शिपायांची शुश्रूषा केली, त्याच या. लोकांच्या मदतीच्या बळावर १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला पोचल्या. दूरदेशी माणसाला मदत पाठविणे म्हणजे काय, ते त्यांनी आधी घेणाऱ्याच्या बाजूने अनुभवले होते.

ऑक्सफर्डहून त्या आईवडिलांना नियमाने पत्रे लिहीत. आगबोटीने टपाल यायला आठवडे लागत. तरी खोली कशी आहे, कोण भेटले, काय खाल्ले, सारे त्या कळवीत. त्यांचे कितीतरी कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. आपण पत्र वाचले की चुलीजवळच्या कोनाड्यात खोचतो. त्याचे मोल पुढे केवढे होईल हे कोणी सांगावे?

१८९२ साली खास परवानगी काढून त्या कायद्याच्या परीक्षेला बसल्या. तेथे कायद्याची ही परीक्षा देणारी पहिली स्त्री त्याच. पण परीक्षा दिली तरी पदवी नाही, कारण बायकांना पदवी देण्याचा रिवाजच नव्हता. ती पदवी हाती पडली १९२२ साली, म्हणजे तीस वर्षांनी! देशात परतल्यावर मुंबई आणि अलाहाबाद येथेही त्यांनी वकिलीच्या परीक्षा दिल्या. तरी कोर्टात उभे राहू देईनात.

मग त्यांनी एक वेगळीच वाट शोधली. बंगालकडे मोठमोठ्या जमीनदारांच्या घरी बायका कडक पडद्यात असत. नवरा वारला की इस्टेट नावाची बाईची, पण कारभार दिवाणाचा. परपुरुषासमोर येणे नाही, म्हणून वकिलाशी बोलणे नाही. कागद पडद्याआडून आत येई, अंगठा उठे, कागद बाहेर जाई. त्यात काय लिहिले ते बाईला ठाऊक नसे. अशा रीतीने किती जणी लुबाडल्या गेल्या! कॉर्नेलियाबाईंनी सरकारच्या मागे लागून या बायकांसाठी स्त्री-वकील नेमावी असा धोशा लावला. १९०४ साली कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम या प्रांतांत कधी पालखीत, कधी होडीत, कधी हत्तीवर बसून त्या फिरल्या. वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि पोरकी मुले यांची कामे त्यांनी पाहिली. कुणाचे पोटगीचे पैसे मिळवून दिले, कुणाच्या मुलांना शाळेत घातले, कुणाला दाईचे काम शिकविले.

आत शिरल्यावर त्या आधी बाईचे ऐकून घेत. काय द्यायचे ते नंतर ठरे. पूजाअर्चा, सोवळेओवळे, खाणेपिणे यांची थट्टा न करता तिच्या चालीने चालत. म्हणून बंद दारे त्यांना उघडत गेली. १९२३ साली, सत्तावन्नाव्या वर्षाच्या घरात असताना, त्या बॅरिस्टर झाल्या, आणि मग कलकत्त्याच्या हायकोर्टात त्यांना वकिली करता आली. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या आणि पुढे लंडनला राहिल्या.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. कॉर्नेलियाबाई स्वातंत्र्याच्या चळवळीच्या बाजूच्या नव्हत्या. गांधीजींचा मार्ग त्यांना पटला नाही. इंग्रजांचे राज्य असावे असेच त्यांचे मत होते. १९२७ साली मिस मेयो या अमेरिकन बाईने आपल्या देशाची नालस्ती करणारे पुस्तक लिहिले, तिचीही बाजू त्यांनी घेतली. त्यामुळे पुष्कळ स्नेही दुरावले. आपल्याला हे आवडणारे नाही, मलाही नाही. पण एखाद्या माणसाचे एक मत चुकले म्हणून त्याच्या हातून झालेले चांगले काम पुसावे काय? मला तसे वाटत नाही.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. आपले लाखो शिपाई परदेशी लढायला गेले. त्यांत मराठेही होते. जून १९४२ मध्ये आफ्रिकेतले टोब्रुक जर्मनांनी घेतले, तेव्हा हजारो सैनिक कैद झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण त्यांत होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरे, आणि कैद कुठे, तर इटली आणि जर्मनीच्या थंडीत, काटेरी तारेच्या आड. इकडे घरी आई दारात बसून टपालवाल्याची वाट पाहत असणार. मुलगा आहे की नाही, हेदेखील कित्येक दिवस कळत नसे.

अशा शिपायांसाठी लंडनमध्ये १९३९ सालापासून इंडियन कम्फर्ट्स फंड नावाची संस्था काम करीत होती. इंडिया हाऊसमध्ये तिचे कचेरीचे ठिकाण होते. बायका लोकरीचे मोजे, स्वेटर, गळपट्टे विणून देत. कैदेतल्यांसाठी रेडक्रॉसमार्फत जेवणाची पार्सले जात. एकेक पार्सल साधारण पाच किलोचे. गोऱ्या कैद्यांच्या पार्सलात गोमांसाचा नाहीतर डुकराच्या मांसाचा डबा असे. ते आपल्या हिंदू-मुसलमान शिपायांना कसे चालावे? म्हणून हिंदी शिपायांचे पार्सल वेगळे बांधत. त्यात तांदूळ, डाळ, पीठ, साखर, चहा, मीठ आणि मसाल्याची पूडसुद्धा असे! पार्सले बोटीने लिस्बनला, तेथून भूमध्य समुद्रातून फ्रान्सच्या किनाऱ्याला, मग आगगाडीने जिनिव्हाला आणि तेथून छावण्यांना जात. अशी लाखांनी पार्सले गेली. बर्फात बसलेल्या माणसाने हळदी-मसाल्याची पुडी उघडली, तो वास नाकात गेला, तेव्हा त्याला काय वाटले असेल, हे सांगायला कवी नको. स्वयंपाकघरातली कोणतीही बाई ते जाणेल.

या कामाला पैसा लागे. त्यासाठी १९४३ साली लंडनमध्ये क्वीन मेरीज बुक फॉर इंडिया या नावाचे एक पुस्तक निघाले. त्याचे उत्पन्न याच फंडाला जायचे होते. मोठमोठ्या इंग्रज लेखकांनी त्यात लिहिले. त्यांच्याकडून लिखाण मिळविण्यासाठी कॉर्नेलियाबाई झटल्या. टी. एस. इलियट हे केवढे नामांकित कवी! आफ्रिकेत कामी आलेल्या हिंदी शिपायांवर त्यांनी या पुस्तकासाठी कविता लिहिली, ती कॉर्नेलियाबाईंनी मागितली म्हणून. त्या वेळी बाईंचे वय शहात्तर होते. त्या वयात आपल्याकडे बाई नातवंडे खेळवीत बसते. या मात्र लढाईच्या धामधुमीत मोठ्या लोकांकडे शब्द टाकीत होत्या, आपल्या मुलखातल्या शिपायाच्या डब्यासाठी.

हेही सांगितले पाहिजे की जर्मनीत सुभाषबाबूंनी याच कैद्यांना हाक दिली होती, आणि काही हजार त्यांच्या सेनेत गेले. बाकीचे आपल्याकडेच राहावेत म्हणून सरकारलाही ही पार्सले सोयीची वाटत असतील. राजकारण असेच असते. पण भुकेल्याच्या हातात डबा पडला ही गोष्ट त्याने खोटी होत नाही.

६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे कॉर्नेलियाबाईंचे निधन झाले. २०१२ साली तेथील लिंकन्स इन या वकिलांच्या जुन्या संस्थेत त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. ज्यांना एके काळी कोर्टाच्या पायरीवरूनच परत फिरावे लागले, त्यांचा हा मान.

मी विचार करते तेव्हा मला त्यांच्या आयुष्यातली दोन चित्रे एकमेकांशेजारी दिसतात. एक पडद्याआडची राणी, दुसरा तारेआडचा शिपाई. दोघांनाही बाहेर येता येत नव्हते. मग बाहेरच्यांनीच आत पोचायचे, आणि त्यांना चालेल, पचेल, उपयोगी पडेल तेच घेऊन जायचे. दया म्हणून टाकलेली वस्तू वेगळी आणि माणूस ओळखून पाठविलेली वस्तू वेगळी.

तेव्हा भगिनींनो, यंदा डबे भरताना आपण एवढे करू या. अनारसे घरीच खाऊ. जवानांसाठी भाजक्या पोह्यांचा चिवडा, कोरडी चटणी, सुके मेवे, लोकरीचे मोजे असे टिकणारे घेऊ. डब्याला आतून कागद लावू, यादी वर ठेवू. पत्त्यावर युनिटचे नाव आणि मार्फत ५६ एपीओ अथवा ९९ एपीओ हे नीट अक्षरात लिहू. आणि प्रत्येक डब्यात स्वतःच्या हाताचे एक पत्र घालू. अक्षर चांगले नाही म्हणून लाजू नका. पाऊस कसा आहे, रोवणी झाली का, देवळाचा रंग कसा दिला, कोणाकडे बारसे झाले, एवढे लिहिले तरी पुरे. कुडव्याचा वारा त्या पत्रातून तिकडे जाईल.

माझे अक्षरही तुम्ही पाहताच आहात. तरी मी लिहिले.