कावसजीचे नाक

मराठी भाषेत नाक हा नुसता अवयव नाही, ती अब्रू आहे. नाक कापले गेले की माणसाला चार लोकांत तोंड दाखविण्याची सोय उरत नाही. कावसजीच्या बाबतीत हे शब्दशः घडले. आणि त्याच्या नव्या नाकाची हकीकत पुण्याहून थेट लंडनपर्यंत गेली.

कावसजी हे नाव पारशी वळणाचे वाटले, तरी तो मराठा शेतकरी असल्याची नोंद आहे. इ. स. 1790 ते 1792 या काळात इंग्रज, पेशवे आणि निजाम एका बाजूला व टिपू सुलतान दुसऱ्या बाजूला असे युद्ध चालले होते. इंग्रजी फौजेचे बैल हाकण्याचे काम कावसजीकडे होते. त्या काळी धान्य, दारूगोळा, तोफा हे सारे बैलांच्या जिवावर चाले. रसद तुटली की फौज थांबे. म्हणून हातात तलवार नसलेल्या या माणसांनाही शिपायाइतकाच धोका असे. कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. नाक कापण्याची शिक्षा तेव्हा अनेक राज्यांत रूढ होती. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिले. पण पेन्शनने पोट भरते, चेहरा परत येत नाही. वर्षभराहून अधिक काळ तो नाकावाचून वावरला.

इ. स. 1793 मध्ये पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. हा माणूस कोणत्याही विद्यालयात शिकलेला नव्हता. हे त्याचे परंपरेने आलेले कसब होते. कंपनीचे शल्यवैद्य टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी ही क्रिया पाहिलेली होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाचा आकार घडवीत. मग तो सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याच्या कडेने रेघ आखीत. त्या रेघेवरून कातडी सोडवून घेत, पण दोन्ही भुवयांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र कापीत नसत. जुन्या नाकाच्या कडा ताज्या करून कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणीत व खाचेत बसवीत. वर काताच्या लेपाच्या पट्ट्या लावीत. पानात घालतो तोच हा कात. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड ठेवीत. विसाव्या दिवसाच्या सुमारास, कातडी रुजल्यावर, ती पट्टी कापीत. भूल देण्यासाठी ईथरचा वापर 1846 साली जगापुढे आला. कावसजीने हे सारे त्याच्या अर्धशतक आधी सोसले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सुमारे दहा महिन्यांनी, जानेवारी 1794 मध्ये, जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने या पद्धतीचा पाठपुरावा केला. आधी मृतदेहांवर सराव करून 1814 मध्ये त्याने पहिली शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपात ही रीत 'भारतीय पद्धती' म्हणून ओळखली जाऊ लागली. गालाच्या कातडीने नाक करण्याची कृती सुश्रुतसंहितेत फार पूर्वीच आली आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

या साऱ्या कृतीचे मर्म त्या न कापलेल्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त वाहत राहते, म्हणून कातडी जिवंत राहते. 1869 मध्ये पॅरिसमध्ये जाक रेव्हरदँ याने उलट प्रयोग केला. त्याने कातडीचे बारीक तुकडे पूर्ण सोडवून उघड्या जखमेवर ठेवले आणि ते रुजले. भाजल्यावर, मधुमेहात किंवा कुष्ठरोगात जी जखम महिनोन्महिने भरत नाही, तिच्यावर आज असेच त्वचारोपण करतात. असा तुकडा पहिले एकदोन दिवस जखमेतील द्रवावर जगतो. मग खालच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात. म्हणून आधी जखम साफ करून तिचा तळ रक्ताळ व निरोगी करावा लागतो. हाड उघडे पडले असेल, खाली रक्तच नसेल, तर नुसता तुकडा टिकत नाही. अशा वेळी स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येणारी कातडी लागते. म्हणजे आजच्या सर्जनलाही पुन्हा त्या पट्टीकडेच यावे लागते.

कर्नाटकात गमावलेले नाक महाराष्ट्रात मिळाले, हा कावसजीच्या आयुष्याचा योगायोग. त्या लंडनच्या मासिकात कावसजीचे नाव आहे. ज्या हातांनी ते नाक घडविले, त्या हातांच्या धन्याचे नाव मात्र त्यात नाही. कावसजीची कथा वाचताना आपण विद्यार्थ्यांनी त्या निनावी कारागिरालाही नमस्कार केला पाहिजे. ज्ञान पदवीने ओळखावे की हाताच्या कसबाने, हा प्रश्न तो आपल्यापुढे ठेवून गेला आहे.